शून्याचा भारा

धरणाच्या वरच्या अंगाचा डोंगर पाच वर्षं चराईला बंद करायचं ठरलं, तेव्हा गोजरबाईनं अकरा शेळ्या विकल्या आणि इतरांबरोबर उतारावर चर खोदले. त्यामुळे पुण्याहून आलेला पाणलोट प्रकल्पाचा अधिकारी रविराज शाळेच्या पडवीत पाणी कसं मुरतं ते समजावू लागला, तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. कासवाला पोहायला शिकवणारा हा शहाणा तिला बघूनच कळला.

धरणात गाळ कमी येतो, खालच्या उसाला पाणी वाढतं. रुपयाच्या खर्चामागे तीन रुपये फायदा, असा त्याचा हिशेब होता. बंदी आणखी पाच वर्षं वाढवायला ग्रामसभेच्या सह्या हव्या होत्या.

आमच्या चाऱ्याचा खर्च कुठं धरलाय, असं तिनं विचारलं. डोंगरचं गवत फुकटच होतं, म्हणून शून्य, तो म्हणाला. लांबून भारे आणायची बायकांना मजुरी मिळत नाही, म्हणून तेही शून्य.

गोजरबाई त्याला ओढ्यापलीकडे घेऊन गेली. सकाळी कापलेल्या गवताचा भारा तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला.

"चला साहेब. शून्याला वजन नसतंय."

भातखाचराच्या बांधापर्यंत तो कसाबसा पोचला आणि भारा टाकून त्यावरच बसला. मान चोळत त्यानं कबूल केलं, की हे सगळं धरलं तर फायदा जेमतेम सव्वा रुपया उरतो आणि वर मंजुरी मिळत नाही.

म्हणजे ह्याला ठाऊक होतं. अडाण्याला तिनं माफ केलं असतं.

"पानी मुरतंय, ते आमाला दिसतंय," ती म्हणाली. "डोंगर बंद ठेवू. पर ज्याच्या उसाला पानी जातंय, त्यानं आमच्या दावनीला चारा घालावा. तवर सही न्हाई."

पंधरा दिवसांनी खालच्या ऊसवाल्यांकडून वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एक ट्रक आला. सोबत फलक आणि फोटोवाला. गोजरबाईनं आधी ट्रक रिकामा करवून घेतला, घराघरांत वाढे वाटले आणि फोटोसाठी गाय पुढं केली. सही मात्र दिली नाही.

शेवटी फाल्गुनात लेखी करार आला: दर उन्हाळ्यात महिन्याला दोन ट्रक. पुतणी स्नेहलनं तो मोठ्यानं वाचला. त्यात 'मदत' असा शब्द होता. गोजरबाईनं तो रविराजला त्याच्याच पेनानं खोडायला लावला आणि वर 'मोबदला' लिहायला लावलं.

मग तिनं सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. रविराज आभार मानू लागला, तेव्हा ती वैरण टाकायला निघूनही गेली होती.