एका बाटलीपुरती जागा

मित्रांनो, आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसलेला मी लशींचा एक जुना फ्रीज. घरातल्या फ्रीजसारखं मला दार नाही. माझं झाकण पेटीसारखं वर उघडतं. आत जाळीच्या चार टोपल्या आहेत. अलीकडे त्यांत लशींऐवजी नोंदवह्या असतात. तक्रार नाही, पण थकलो आहे खरा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. वीज गेली तरी गारवा टिकावा म्हणून तिथल्या कामगारांनी माझ्या भिंती जाडजूड केल्या. मग एका मदत करणाऱ्या संस्थेने झाकणावर आपला गोल शिक्का मारला आणि मला बोटीत चढवलं. बोट, मालगाडी, ट्रक असं करत मी इथे पोचलो, तेव्हा चौघांनी मला उचलून आत आणलं आणि पाचवा नुसताच ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होता.

इथल्या मुख्य नर्सला सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. मी येण्याआधी त्या बर्फाच्या डब्यात शहरातून लस आणत. बर्फ वितळायच्या आत जेवढी बाळं गाठता येतील तेवढी गाठायची आणि उरलेल्यांना परत पाठवायचं. दरवर्षी गोवर यायचा. शेजारची खोली तापाने फणफणलेल्या मुलांनी भरायची, आणि काही खाटा घाईने रिकाम्या व्हायच्या. मी आल्यावर लस रोज मिळू लागली. तिसऱ्या वर्षी त्या खोलीत गोवराचं एकही मूल आलं नाही. पाहुणे आले, त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. मला मदत म्हणून पाठवलं ते वाया गेलं, असं कोणी म्हणू नये. मी ती खोली आधी पाहिली आहे आणि नंतरही.

पण मदतीबरोबर इतरही गोष्टी आल्या. संस्थेने शहरात कचेरी थाटली आणि तिला शिकलेली माणसं हवी झाली. मोठ्या बाईंच्या हाताखाली चार वर्षं तयार झालेली धाकटी नर्स एका सकाळी माझ्यापाशी उभी राहून म्हणाली, “बाई, तिकडे पगार बरा आहे. घरची तीन माणसं माझ्यावर आहेत.”

“जा गं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते.”

तिची जागा भरलीच नाही. लस, बाळंतपणं, खोकला, जखमा असं सगळं मोठ्या बाईंच्या एकटीच्या गळ्यात आलं. वर संस्थेचे तक्ते. माझं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं. बाळंतिणीजवळून उठून, हात पुसत त्या यायच्या आणि आकडा लिहून पुन्हा धावायच्या.

त्याच सुमारास शिवणकाम करणारी एक आई केंद्रात आली. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला मधुमेह होता. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागे. उन्हाळ्यात घरी औषध टिकत नव्हतं. मोठ्या बाईंनी बाटली माझ्या चौथ्या टोपलीच्या कोपऱ्यात ठेवली. मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन स्वतःच सुई टोचून घ्यायची. दोन उन्हाळे असे निभावले.

तिसऱ्या उन्हाळ्यात संस्थेचे तपासणीसाहेब आले.

“हे काय आहे?”

“इन्सुलिन. एका मुलीचं.”

“बाई, इथे फक्त आमच्या लसीकरण कार्यक्रमाच्या लशी ठेवायच्या.”

“अर्धा फ्रीज रिकामा आहे, साहेब.”

“मला दिसतंय हो. पण मी डोळेझाक केली आणि उद्या वरच्यांनी तुमचा लशींचा साठाच थांबवला तर?”

ते वाईट गृहस्थ नव्हते. नियम त्यांनी केला नव्हता, आणि ज्यांनी केला ते इथे कधी येणार नव्हते. बाईंनी बाटली काढली. मी अर्धा रिकामा तसाच गार राहिलो. मित्रांनो, त्या गारव्याची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात त्या आईने मुलीला खांद्यावर टाकून आणलं. उन्हात औषधाची ताकद गेली होती. मुलगी शुद्धीवर नव्हती, श्वास भराभर चालला होता. बाईंनी तिला जीपमधून शहरातल्या रुग्णालयात नेलं. ती वाचली. पण आई केंद्राकडे फिरकली नाही. तिच्या धाकट्या बाळाची लस राहिली होती, म्हणून बाई तिच्या घरी गेल्या. शिलाईचं मशीन न थांबवता ती म्हणाली, “तुमच्या लशींना जागा आहे ना, बाई? मग त्या तुमच्यापाशीच राहू द्या.” दुसऱ्या दिवशी माझ्या टोपल्या पुसताना बाईंनी हे शिपायाला सांगितलं, आणि कितीतरी वेळ एकच टोपली पुसत राहिल्या.

पुढे संस्थेचा कार्यक्रम संपला. आभाराचं पत्र आलं, तपासणीसाहेब यायचे थांबले. मग एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि माझं तापमान सांभाळणारा भाग जळाला. गावात पंखे दुरुस्त करणारे काका आले. आत डोकावून म्हणाले, “करता येईल, बाई. पण हा भाग इथे मिळत नाही, आणि याचं आतलं मला कधी कोणी दाखवलंच नाही.” लशी फेकाव्या लागल्या. मोठ्या बाईंनी बर्फाचा डबा पुन्हा खांद्याला लावला. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

गेल्या वर्षी दुसऱ्याच एका संस्थेचे पाहुणे आले. “तुम्हाला काय हवं?” असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “एक नर्स द्या. आणि यंत्रं दुरुस्त करणारं माणूस.” त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात एक नवा फ्रीज आला.

बसवणारा तंत्रज्ञ सहीसाठी कागद पुढे करून उभा राहिला. बाईंनी पेन घेतलं नाही. “आधी आमच्या पंखेवाल्या काकांना हा उघडून दाखवा.”

“नवा उघडला तर हमी जाते, बाई.”

“मग हा जुना उघडा.”

दोन दिवस मी जमिनीवर सुटा पडलो होतो. काका गुडघे दुखत असतानाही खाली बसून एकेक भाग हातात घेत, वहीत त्याचं चित्र काढत. मग माझी रिकामी पेटी पुन्हा भिंतीला टेकवली, पण आतलं यंत्र कोणी जोडलं नाही. उपयोगी भाग एका डब्यात ठेवले, नव्याला लागतील म्हणून. मला वाईट वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इथलं कोणीतरी मला ओळखू लागलं होतं.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही दूरच्या कोणाला काही पाठवाल. जरूर पाठवा. पण आधी विचारा, तिथे कोण राबतं आहे, तिला काय हवं आहे. आणि तिने सांगितलं, तर तेच पाठवा.