बांधाखालचा गोठा

खोटं कशाला बोलू, त्या सकाळी माझी पार तंतरली व्हती. अठरा वर्षं फौजेत काढली, पण असा कवा भ्यालो न्हवतो.

मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं खाजगी तळं हाय. आज्यानं घातलेला मातीचा बांध. पाच दिवस पाऊस हटला न्हवता. बघाया गेलो तर बांधाच्या पायथ्यातनं पाणी झिरपत व्हतं. झिरपणं नवं न्हवं, निवळ पाणी कायमच यायचं. आज गढूळ आलं. गढूळ म्हंजी पाणी आतनं बांधाची माती खात चाललंय, एवढं शेंबड्या पोरालाबी कळतंय.

खाली ओढ्याकाठी साळूवैनी ऱ्हायची, माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको. संगं तिची नात सृष्टी. चिखलातनं घसरत, पडत मी तिकडं पळालो.

"वैनी, निघा! बांध जातुया!"

वैनी भाकरी थापत व्हती. तिनं मान वर केली न्हाई. "गेल्या म्हयन्यात मी हेच म्हणलं, तवा कागद कुणी नाचवला, भावजी? सायबानं धोका कमी लिवलाय म्हणालासा. आन् आज लगीच बांध जातुया व्हय? जागा खाली करून पायजे तुमाला, दुसरं काय!"

आता काय सांगू, कप्पाळ! कागद खराच व्हता. उन्हाळ्यात सरकारी साहेब बांध तपासाया आला. खाली माणसं ऱ्हात असली तर तळ्यावर जादा धोक्याचा शेरा, आन् दुरुस्ती होईस्तवर पाणी निम्म्यावर आणायचं. माझा ऊस वाळला असता. वैनीचं घर कागदोपत्री जनावरांचा गोठा. रानात घराची परवानगी कोण काढत बसतंय? आमच्याकडं निम्म्या वस्त्यांचं असंच हाय. त्या दिवशी वैनी नातीला घेऊन औंधाला यमाईच्या दर्शनाला गेलेली, दाराला कडी. साहेबानं इचारलं, "इथं कोण राहतं?" मी म्हणलं, "कोण न्हाई. गोठा हाय."

"वैनी, मी खोटं सांगितलं सायबाला!" मी वरडलो. "तुमी हितं ऱ्हाताच न्हाई म्हणून सांगितलं! पाया पडतो, उठा!"

वैनीनं भाकरी तव्यावरच सोडली आन् सृष्टीचा दंड धरला.

आमी टेकाडावर पोचतोय तवर मागं धडाड झालं. घर, शेळी, समदं गेलं. सृष्टी शेळीसाठी रडत व्हती. मीबी रडलो, लाज कसली.

थोड्या येळानं फोन वाजला. साहेबच. माझ्या फोनचा आवाज असा, की धा पावलांवरच्याला ऐकू जावा.

"बांध फुटला म्हणे तुमचा! खाली कुणी राहत नव्हतं ना?"

वैनी हातभर अंतरावर उभी. देवाशपथ, पाण्याला भ्यालो न्हवतो एवढा मी त्या सवालाला भ्यालो. डोळ्यांपुढं पोलीस, कोर्ट, तुरुंग. आन् माझंच तोंड बोलून गेलं, "न्हाई, साहेब. कोण न्हाई."

वैनीनं माझ्या हातातनं फोन काढून घेतला.

"सायेब, नावं लिवून घ्या. साळूबाई. आन् नात सृष्टी. आमी ऱ्हात व्हतो तितं."