धावजीच्या विहिरीचं कुलूप

"कुलूप काढ, याडी. तीज आली," तांड्याचा प्रमुख देवसिंग नाईक म्हणाला.

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांचा हा अख्खा तांडा बिजलीबाईला याडीच म्हणायचा. ती मात्र विहिरीच्या लोखंडी जाळीवर ठाण मांडून बसली होती. लोहाऱ्याजवळची ही विहीर तिच्या नवऱ्यानं, धावजीनं, स्वतः खणलेली. शेजारच्या कारखान्यातलं यंत्रांचं तेल धुवायचं द्रावण जमिनीत मुरलं आणि पाणी नासलं. मग कारखान्यानं जमिनीत जांभळं औषध सोडलं. आता त्यांचा साहेब विहिरीपाशी येऊन म्हणत होता, विष उतरलं, उद्यापासून पाण्याचा टँकर बंद.

"सुरभी मॅडम येईपर्यंत नाही काढत."

"कापसानं हात वर केले तवापासून अर्धा तांडा या कारखान्यावर जगून राह्यला. माहा पोरगाही. कायले वाकड्यात शिरते?"

"जगून राह्यला म्हणून विष प्यायचं का?"

तीजेला तांड्यातल्या कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, त्याला विहिरीचं पाणी घालतात. यंदा तिच्या नातीची, पायलची, पहिली टोपली. विहीर उघडावी असं बिजलीबाईइतकं कुणालाच वाटत नव्हतं.

पाणी तपासणारी सुरभी स्कूटरवरून उतरली ती मान हलवतच.

"याडी, या विषात हलका आणि जड असा दोन जातींचा कार्बन असतो. औषधानं विष तुटलं, तर हलक्या कार्बनचं आधी तुटतं आणि उरलेल्यात जडाचं प्रमाण वाढतं. तुमच्या पाण्यात ते वाढलंच नाही. विष तुटलं नाही, पावसानं नुसतं पातळ झालं."

"विषाचा आकडा कमी आलाय ना?" साहेब म्हणाला.

"आलाय. उन्हाळ्यात पुन्हा चढेल."

बिजलीबाईचा चेहरा उतरला. सुरभीनं 'तुटलं' म्हणावं, असं तिला फार वाटत होतं. पण ती क्षणात सावरली.

"ऐकलं ना, सायेब? औषध पुन्हा टाका. टँकर बंद केला तर मी तुमच्या फाटकात येऊन बसीन. पोलीस बलवा, नाहीतर कोणालेही बलवा."

साहेबानं नाईकाकडे पाहिलं. देवसिंगनं कपाळाचा घाम पुसला आणि येऊन तिच्या शेजारी जाळीवर बसला. मागून बायकाही येऊन बसल्या. साहेबानं मोबाइल काढला आणि टँकरवाल्याला उद्याही यायला सांगितलं.

संध्याकाळी पोरी गाणी म्हणत आल्या. पायलनं टँकरचं पाणी टोपलीत घातलं. थोडं जाळीतून खाली सांडलं. विहीर काठोकाठ भरली होती.

बिजलीबाईनं कुलूप ओढून पाहिलं. घट्ट होतं.