हिरड्यांच्या रंगाची फौज

मित्रांनो, मी जुना आहे, बुटका आहे आणि शिशाचा आहे. यांपैकी एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी. कमरेपर्यंत दाढी, अंगावर चिलखत आणि हातात माझ्याहून लांब बंदूक. आमच्या कथेप्रमाणे आम्ही अंतराळातले बुटके आहोत. ओसाड ग्रह पोखरून धातू काढतो, आपली यंत्रं आपणच दुरुस्त करतो आणि झालेला अपमान पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही. टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडून, मोजपट्टीने अंतर मोजून आणि फासे टाकून मोठी माणसं युद्धाचा एक खेळ खेळतात. त्या खेळातला मी सैनिक. मोठी माणसं म्हणजे वयाने मोठी. बाकी त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

माझा जन्म साच्यात झाला. शिसं वितळवलं, ओतलं, ते थंड झालं आणि मी बाहेर पडलो. प्लॅस्टिकचे सैनिक मात्र तुकड्या-तुकड्यांनी जन्मतात. हात वेगळा, डोकं वेगळं, कानसुद्धा वेगळे. मग कोणीतरी बसून त्यांना गोंदाने चिकटवायचं. टेबलावरून पडले तर धड आवाजही होत नाही. मी पडलो तर फरशीला कळतं.

दुकानात आमच्यावर धूळ बसली होती. येणारा प्रत्येक जण उंच सैनिकच उचलायचा. रुंद खांदे, उगारलेली तलवार, चेहऱ्यावर आधीच जिंकल्याचा भाव. आरशात जे दिसत नाही, ते माणूस विकत घेतो. आम्हाला घरी नेलं ते एका कवळ्या बनवणाऱ्याने. दातांच्या दवाखान्यांतून त्याच्याकडे जबड्यांचे ठसे यायचे आणि तो घराच्या मागच्या खोलीत बसून मेणात दात रोवायचा.

त्याच्या मुलीने आम्हाला पाहिलं आणि नाक मुरडलं. "बाबा, एवढे सगळे सोडून हे ठेंगूच कशाला आणले?"

"यांच्यात एकही राजबिंडा नाही बघ," तो म्हणाला. "दिवसभर राबतात, कुरकुर करतात, पण पळून जात नाहीत. आपल्या घरातलेच वाटतात."

"पाय तोकडे आहेत म्हणून पळत नाहीत." मुलीने तोवर पुष्कळ पुस्तकं वाचली होती, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असायचं.

मग त्याने आम्हाला रंगवायला घेतलं. चिलखतासाठी हिरवा आणला, बंदुकीसाठी पितळी आणला, दाढीसाठी तांबूस आणला. त्वचेचा रंग आणायला विसरला. पुन्हा दुकानात गेला असता तर तो कवळीवाला कसला! कवळीच्या हिरड्या करायची गुलाबी भुकटी हाताशी होती. तीच द्रवात कालवून त्याने आमच्या तोंडांना लावली. ती दगडासारखी घट्ट बसली. अशी ही जगातली एकमेव फौज, जिच्या नाकावर, गालांवर आणि कपाळावर हिरड्या आहेत.

त्याचा मित्र चष्म्यांचं दुकान चालवायचा. घरात त्याला चष्मेवाले काका म्हणत. आम्हाला पाहून तो खुर्चीत आडवा झाला. "अरे, ही फौज आहे की जबडा? लढवायची, की झोपताना पाण्यात घालून ठेवायची?"

या काकांचे स्वतःचे सैनिक म्हणजे उंच, काडीसारखे, टोकदार कानांचे प्लॅस्टिकवीर. वाऱ्याने पडायचे. अशांशी मी वर्षानुवर्षं लढलो. दर रविवारी जेवणाच्या टेबलावर आमचा ग्रह मांडला जाई आणि आतून मुलीची आई ओरडे, "पानं घ्यायची आहेत, तुमचा ग्रह उचला आता!" कवळीवाल्याची बहीण यायची आणि म्हणायची, "दादा, जावई यायची वेळ झाली घरात आणि तू बाहुल्या कसल्या रंगवतोस?" ही बाई स्वतः पडद्यावरच्या खोट्या माणसांसाठी खरी आसवं गाळायची. तिचं आम्ही मनावर घेतलं नाही. फक्त लक्षात ठेवलं.

सेनापती म्हणून कवळीवाला अगदीच सामान्य होता. पण त्याने आम्हाला एकदाही मागे घेतलं नाही. आमची चाल मुळात तोकडी. एवढ्या कष्टाने जे अंतर कापलं ते परत द्यायचं नाही, असं त्याचं म्हणणं. या हट्टापायी तो बहुतेक वेळा हरायचा आणि हरताना फार खूश दिसायचा.

मग तो आजारी पडला. आम्ही खोक्यात गेलो आणि टेबल पुन्हा नुसतं जेवणाचं झालं. त्याच्या पश्चात मागची खोली रिकामी करायचं काम मुलीवर आलं. तिने ठसे दवाखान्यांना परत पाठवले, मेण देऊन टाकलं आणि आमच्यासाठी एक संग्राहक बोलावला.

संग्राहक ही माणसांतली सर्वांत हलकी जात. त्याने मला भिंगाखाली उलटंपालटं केलं. "धातू जुना आहे, मिळत नाही आता," तो म्हणाला. "रंगकाम अगदीच हौशी. उतरवून टाकू, कोरे करू."

"चेहरेसुद्धा?" मुलीने विचारलं.

"चेहरेच तर आधी!"

त्याने बाटलीतलं कसलंतरी पाणी कापसावर घेतलं आणि मला घासलं. खांद्याचा हिरवा रंग क्षणात गेला. तोंडावर तो घासतच राहिला. कापूस फाटला, त्याचं बोट दुखलं, माझं नाक तसंच गुलाबी.

"काय लावलंय हो हे?"

"हिरड्या," मुलगी म्हणाली.

तो भिंग खिशात घालून निघून गेला. मुलीने माझा उघडा पडलेला खांदा अंगठ्याने झाकला. नंतर तिने काचेचं कपाट आणलं. आत दिवा लावला, आम्हाला ओळीने उभं केलं आणि कपाट बंद केलं. येणारे-जाणारे म्हणू लागले, "किती छान जपलंय!" मित्रांनो, ज्याला काही काम देता येत नाही, त्याला माणसं जपतात. बंदूक रोखून मी दिवाणखान्यातल्या सोफ्याकडे पाहत होतो. सोफा अजिंक्यच राहिला.

एका रविवारी चष्मेवाले काका आपली पेटी घेऊन आले. "माझे लंबूटांगे घरी सडताहेत गं. समोर कोणी नाही. मांडायचा का डाव?"

"मला काही येत नाही, काका."

"तुझ्या बाबालाही येत नव्हतं. उघड ते कपाट."

डाव मांडला. अर्ध्या तासात पहिला बुटका पडला आणि काका सवयीने ओरडले, "गेला!" खेळात बाद झालेल्या सैनिकासाठी दोघे मित्र हाच शब्द वापरत आणि शिंकेसारखा सहज टाकत. आज काकांचा हात हवेतच राहिला. मुलगी मोजपट्टीकडे पाहत होती. काका पुटपुटले, "म्हणजे, बाद झाला."

त्यानंतर जे झालं ते पाहवत नव्हतं. मुलीने आम्हाला मागे घ्यायला सुरुवात केली. एकेकाला उचलून टेबलाच्या कडेपर्यंत, आपल्या पोटाशी आणलं. काडीपैलवानांसमोर आमची पाठ! आणि काका? त्यांना फासेच नीट दिसेनासे झाले. सहाचा चार दिसू लागला, पाचाचा दोन. गावाला चष्मे लावणारा माणूस! एक दया करून हरत होता, दुसरी भीतीने जिंकत होती. खऱ्या शत्रूनेसुद्धा आमचा इतका अपमान केला नव्हता.

काकांनी माझ्यावर नेम धरून फासा टाकला. "तीन. चुकला नेम. वाचला हा."

मुलगी वाकली. "काका, पाच आहे तो."

"मला तीन दिसतोय, बाळ."

"पाच आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मग हा..." म्हणाले आणि थांबले.

"गेला," मुलगी म्हणाली.

तिचा आवाज मध्येच चिरकला, पण शब्द पुरा झाला. तिने स्वतः मला उचललं आणि खोक्याच्या झाकणात आडवं ठेवलं. मग डोळे पुसून मोजपट्टी घेतली आणि उरलेल्या सगळ्यांना, तोकडी तर तोकडी, पण चाल पुढे दिली.

"आता तुझी धडगत नाही," काका म्हणाले.

"बघू. टाका फासे. आणि नीट वाचा."

ती हरली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर कृपा करून त्याला काचेआड ठेवू नका. हातात घ्या. रंग उडू द्या, हरू द्या, पडू द्या. आमचं काही बिघडत नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा उभे राहतो. तुम्हा माणसांना ती सोय नाही. एवढ्या एका बाबतीत मी तुम्हाला हसत नाही.