पळायला जागा नसलेला समुद्र

मी एक जुनी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. माझ्या एका कोपऱ्यावर चरा आहे, झाकणाची बिजागरी गंजली आहे, पण माझा राग अजून नवाकोरा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही.

मला घडवणारी बाई हाताची मोठी पक्की होती. काचा जोडल्यावर तिने मला पाणी भरून ठेवले आणि थेंबही गळत नाही अशी खात्री पटल्यावरच विकायला काढले. तिने तिचे काम चोख केले. पुढे ज्याच्या हाती पडले, त्याने मात्र केले नाही.

तो दातांचा डॉक्टर होता. नवा दवाखाना उघडत होता. आत ड्रिल घरघरणार, बाहेर पेशंट घाबरणार, म्हणून त्यांचे मन रमवायला त्याने मला बाकासमोर मांडले. फोन घेणे, नंबर लावणे ही कामे त्याची थोरली बहीण करायची. सगळे तिला ताईच म्हणत. ताईने माशांविषयी चार ठिकाणी विचारले होते.

"आधी नुसतं पाणी आणि दगड राहू दे महिनाभर," ती म्हणाली. "मग एकेक मासा आणू. गरीब स्वभावाचे आधी, दांडगट सगळ्यात शेवटी."

"महिनाभर लोकांना काय पाणी दाखवू?" डॉक्टर म्हणाला. "उद्घाटनाला टाकी भरलेली दिसली पाहिजे."

आणि तो बाजारात जाऊन परकराला दोरा निवडावा तसे रंग बघून मासे घेऊन आला. पहिला निळा. तो आल्या आल्या दगडांमधली गुहा बळकावून बसला. मग नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी. मग बोटाएवढा पिवळा मासा आणि त्याची सोबतीण, एक कोळंबी. शेवटी पिसाऱ्यासारखे विषारी काट्यांचे पंख पसरलेला पट्ट्यापट्ट्यांचा लायनफिश. दुकानदाराने सांगितले होते, "सगळे गुण्यागोविंदाने राहतात." विकणारा आणखी काय सांगणार?

पाहुण्यांनी माझे तोंड भरून कौतुक केले. तेवढ्यात निळा मासा नारिंगी जोडीला माझ्या काचेवर आपटत होता. लोक म्हणाले, "बघा, कसे पकडापकडी खेळतायत." मला तेव्हा बोलता आले असते तर त्यांची तोंडे मी बंद केली असती.

त्या पिवळ्या माशाचे आणि कोळंबीचे एकच बीळ होते. कोळंबीला नीट दिसत नसे. ती वाळू उपसायची, तो दाराशी पहारा द्यायचा. बाहेर येताना ती आपली मिशी त्याच्या शेपटीवर टेकवून ठेवायची. शेपटी थरथरली की ती आत. दाढ दुखते म्हणून आईबरोबर येणारी एक मुलगी हे तासन् तास बघत बसायची. आई तिला चिमणी म्हणायची.

एके दुपारी चिमणी काचेला नाक लावून बसली असतानाच लायनफिश पंख पसरत पुढे सरकला. पिवळा मासा मागे हटला, तर मागे मीच होते. एक घोट, आणि संपले.

चिमणीला खुर्चीत बसवले तेव्हा तिने विचारले, "तुम्हाला माहीत होतं का, तो त्याला खाईल म्हणून?"

"अगं, मोठा मासा छोट्याला खातोच. निसर्ग आहे तो."

तिने ओठ घट्ट मिटले. आईने समजावले, दटावले, पण तोंड काही उघडले नाही. सुजलेला गाल घेऊन ती तशीच घरी गेली.

निसर्ग? समुद्रात त्या माशाला मैलभर पळायला जागा होती. इथे हातभर काच होती, आणि ती निसर्गाने बसवली नव्हती. त्या दुपारी कोळंबीने मिशी बाहेर काढली, इकडे तिकडे चाचपली, पुन्हा चाचपली, आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

काही दिवसांनी नारिंगी जोडीतला एक मासा फाटक्या पंखांनी पंपामागे मेलेला सापडला. डॉक्टर वैतागला. "खुनी आहेत सगळे. टाकीच काढून टाकतो."

"टाकी गेली तर मीही जाते," ताई म्हणाली. "त्यांना एकत्र कोंडलं कोणी? त्यांनी तुला बोलावलं होतं?"

तिने जाड हातमोजे चढवून लायनफिशला झाकणाच्या बादलीत घेतले आणि मोठी टाकी असलेल्या माणसाकडे पोचवले. निळ्याला भोके पाडलेल्या डब्यात घालून माझ्यातच लटकवले. दगडांची जागा बदलली, म्हणजे कोणालाच मालकी सांगता येऊ नये. मग तिने कोळंबीला सोबत म्हणून नवा पिवळा मासा आणला, आणि तो रुळल्यावरच निळ्याला मोकळे सोडले. डॉक्टर तिच्या हाताखाली होता, आणि पहिल्यांदाच प्रत्येक गोष्ट ताईला विचारून करत होता.

चिमणी ठणकत्या दाढेने परत आली. डॉक्टर तिच्याशेजारी बाकावर बसला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. विचारलं नाही." चिमणी स्वतःच उठून खुर्चीत जाऊन बसली.

तिने त्याला माफ केले असेल. मी केलेले नाही. मित्रांनो, मासा हवा असेल तर आधी विचारा: हा किती मोठा होतो, काय खातो, कोणाशी पटत नाही, कोणावाचून राहू शकत नाही. उत्तर मिळेपर्यंत नुसते पाणी बघा. पाणीही सुंदर असते. आणि तेवढा धीर नसेल, तर माझ्यासारखीच्या वाटेला जाऊ नका.