नवरीचं धुणं

"परत सुरकुती. आणि म्हणे तीस वर्षांचा हात."

पाळकीणबाई हे फुलदाणीकडे बघत पुटपुटल्या, पण टेबलापलीकडे गुडघ्यांवर बसून चर्चच्या वेदीच्या चादरीची कड टाचणाऱ्या इस्त्रीवाल्या मावशींना ते स्वच्छ ऐकू गेलं. मावशींनी पुढची टाचणी लावली. सुरकुती खरीच होती. आज सकाळी इस्त्री करताना त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांच्या पिशवीच्या तळाशी आणखी एक कापड होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही.

उपासना झाली की मागच्या खोलीत चर्चच्या मंडळीचे पंच बसणार होते. मावशींच्या लेकीला नवऱ्याकडे परत जायला सांगायचं, एवढंच काम. चार महिन्यांपूर्वी ती एका बॅगेनिशी माहेरी आली, त्यानंतर मंडळीतल्या कुणीही 'का आलीस' म्हणून विचारलं नव्हतं. 'कधी जाणार' एवढंच सगळे विचारत. जावई गायकवृंदाचा पुढारी. गळा इतका गोड, की त्यानं तोंड उघडायच्या आधीच म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला घेत. पुढच्या रविवारी सगळी जोडपी वेदीसमोर लग्नाची वचनं पुन्हा देणार होती. या दोघांना पहिल्या रांगेत उभं करायचं, हे परस्पर ठरलंही होतं.

"जाते मी," काल लेक म्हणाली होती. "माझ्यापायी तुझी मान खाली नको." दोन दिवस ती धड जेवली नव्हती.

उपासनेत पाळकसाहेबांनी उपदेशही नवरा-बायकोवरच केला. देव हा नवरा, मंडळी ही नवरी. तिनं पाठ फिरवली तरी त्यानं तिला टाकलं नाही, परत बोलावलं. बोलताना ते लेकीच्या बाकाकडे बघत होते. मावशींच्या मनात आलं, हा दाखला कुणीही सांगो, देवाच्या खुर्चीत दर वेळी नवराच बसतो आणि पळून गेलेली बायको आपल्याच घरची निघते.

मागच्या खोलीत पाच पंच, चहाचे कप आणि जावई. त्याचा शर्ट मावशींच्याच लाँड्रीतून आलेला. आलेल्या कामाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. पण त्या शर्टाची बटणं त्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी तोडली होती. माणसं त्यांना कॉलरवरून कळत. कॉलर आतून जेवढी काळी, प्रार्थना तेवढी लांब.

थोरल्या पंचांनी सुरुवात केली. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. जावई म्हणाला, की त्याच्या मनात काही नाही, त्यानं सगळं माफ केलंय. मग पाळकसाहेबांनी पवित्रशास्त्र उघडून नवरीचा भाग वाचला. डाग नाही, सुरकुती नाही, अशी ती त्याच्यापुढे उभी राहील. पुस्तक मिटून ते लेकीला म्हणाले, की बेटा, आता तू बोल.

लेकीनं ओठ ओले केले. ती काय बोलणार हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "साहेब, तेवढं पुन्हा वाचा. नवरीला धुतलं कुणी?"

पाळकसाहेबांनी बोट फिरवत ओळ शोधली. प्रभूनं, ते म्हणाले. म्हणजे वरानं. तिच्यासाठी स्वतःला देऊन.

"म्हणजे धुणं नवऱ्याकडे आहे तर. मग ते माझ्याकडे का येत होतं?"

त्यांनी पिशवीतून उशीचा अभ्रा काढून चहाच्या कपांशेजारी पसरला. पांढरा, कडक इस्त्रीचा. मधोमध डागाची फिकट तांबूस कडा राहिलेली.

लग्न झाल्यापासून लेक दर शनिवारी असे अभ्रे धुवायला आणायची. घरी नळाला पाणी नसतं म्हणायची. मावशी ते थंड पाण्यात मीठ टाकून भिजवायच्या, कारण गरम पाण्यानं तो डाग पक्का बसतो. मग वाळवून, घडी घालून परत द्यायच्या. कशाचा डाग, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटचा अभ्रा तेवढा मावशींकडेच राहिला होता.

जावई घाईनं म्हणाला, की उन्हाळ्यात हिचा घोळणा फुटतो.

"वर्षभर उन्हाळा होता का रे?"

थोरले पंच पुन्हा भांड्याला भांडं लागण्याकडे वळू लागले. पाळकसाहेब अभ्र्याकडे न बघता आपला कप उचलून दुसरीकडे ठेवू लागले. लेकीनं मान वर केली होती. ती आईकडे बघत होती. मावशींनी अभ्रा पंचांपुढे सरकवला.

"ही रांगेत उभी राहणार नाही. तो मारतो हिला. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला तर पहिल्या शनिवारीच कळलं होतं, आणि मी नुसती धूत राहिले."