घमेल्यानं धरलेला डूख

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे आणि मित्रांनो, मी डूख धरून आहे. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी मी विरघळेन आणि सगळ्यांना क्षमा करीन, असं काही होणार नाही.

मला लातूरच्या दुकानातून भीमाशंकर मिस्त्रीनं उचललं. तेव्हा भूकंपानंतरचं नवं किल्लारी उभं राहत होतं. वाळू, खडी, सिमेंटचा माल, म्हणाल ते मी वाहिलं. ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांच्या नव्या भिंतींत मी वाहिलेला माल आहे. काय रुबाब होता माझा! आणि मिस्त्रीची शिस्त अशी की दिवस मावळला की घमेलं घासून, धुऊन पालथं घालायचं. कुणी तसंच टाकलं तर तो ओरडायचा, "आरं, माल वाळला तर घमेलं मेलं का न्हाई? धू आधी!" तेव्हा मला तो फार आवडायचा.

पुढं मिस्त्री म्हातारा झाला आणि शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या गावी घरी बसला. मी जिन्याखाली पडलो. घरात तुरीच्या पोत्यांना उंदीर लागले, म्हणून त्याच्या बायकोनं, नागुबाईनं, भुरी नावाची मांजर आणली. भुरीनं महिन्याभरात उंदीर संपवले. पण एकदा गल्लीतल्या कुत्र्यांनी तिचा मागचा पाय फाडला. पाय अधू झाला, तेव्हापासून नागुबाई तिला बाहेर सोडेना. माझ्यात वाळू भरली आणि भुरीच्या शी-शूची सोय झाली.

तुम्हाला वाटेल, मला याचाच राग आला. छे! कामात कसला कमीपणा? आणि भुरी भलती टापटिपीची. आधी उकरायची, मग बसायची, वाळूनं झाकायची, वास घेऊन खात्री करायची आणि मगच अंग चाटायला जायची. नागुबाई रोज घाण काढायची, आठवड्याला मला धुऊन उन्हात ठेवायची. घरात मांजर आहे हे पाहुण्यांना सांगावं लागायचं.

यंदा उन्हाळ्यात नागुबाईचे गुडघे धरले. तिला वाकता येईना. काम मिस्त्रीकडं आलं, आणि त्यानं काय केलं? काही नाही! आठ दिवस गेले, पंधरा गेले. नागुबाई सांगून सांगून दमली. "नळाला आठ दिसानं पानी येतंय, अन् मी मांजराचं घमेलं धूत बसू व्हय?" असं म्हणायचा आणि त्याच पाण्यानं फटफटी धुवायचा. माझ्यासमोर!

वाळूची ढेकळं झाली. माझा पत्रा आतून गंजून चाळण व्हायला आला. वास असा की डोळे झोंबावेत. भुरी काठापर्यंत यायची, हुंगायची आणि मागं फिरायची. बिचारी किती धरणार? शेवटी तुरीच्या पोत्याआड बसली. मिस्त्रीनं तिची मान पकडून नाक त्या ओल्यात घासलं. मग माझ्यात फिनेलची अख्खी बाटली ओतली. त्या उग्र वासानं भुरी जिन्याकडं फिरकेचना. कधी दिवाणाखाली, कधी चपलांत, जागा मिळेल तिथं जाऊ लागली आणि दर वेळी मार खाऊ लागली. त्या प्रत्येक फटक्याचा हिशेब मी मनात ठेवला.

अशात ग्रामपंचायतीनं 'स्वच्छ घर' स्पर्धा काढली. पहिल्या नंबराची ढाल आपलीच, असं मिस्त्री गावभर सांगत फिरला. तपासणीच्या आदल्या दिवशी तो नागुबाईला म्हणाला, "एक पोतं काढून ठिव. उद्या तपासणी झाली की हिला देवणीच्या बाजारात सोडून येतो. लई घाणेरडी हाय."

"आवं, ती कशाची घाणेरडी? घमेलं तुमी धुवंनात! पायानं अधू हाय ती. तिथली कुत्री फाडून टाकतील तिला."

"पोतं काढ म्हनलं ना!"

नागुबाई तोंडाला पदर लावून रडली. त्याच वेळी मी ठरवलं, मिस्त्री, तुला सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी होतं. तरी पठ्ठ्यानं मला धुतलं नाही! वर गोणपाट टाकलं आणि भरलेलं तसंच बैठकीतल्या माळ्यावर, फळ्यांच्या फटीवर ढकललं. खाली उदबत्त्यांचा धूर केला. स्वतः कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालून बरोबर माझ्या खाली खुर्ची टाकून बसला. असा योग पुन्हा येतो का?

तपासणीला कोंडाबाई आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, नाक एकदम तिखट. दारातच थबकल्या. "कशाचा वास यायलाय, भीमाशंकरराव?"

मिस्त्रीनं नागुबाईच्या मांडीवरच्या भुरीकडं बोट केलं. "ह्या मांजरीचा. आजच काढून टाकतो तिला."

बस्स! मला हात नाहीत, पाय नाहीत. होता तो एक तळ, तोही मी इतके दिवस दातओठ खाऊन धरून ठेवला होता. सोडून दिला! फिनेल, मूत, कुजलेली वाळू, सगळं फटीतून धो धो त्याच्या टोपीवर. टोपीवरून सदऱ्यावर. आहाहा! किल्लारीत खोऱ्याखोऱ्यानं माल पोटात घेतला, पण असं समाधान मला कधी लाभलं नव्हतं.

कोंडाबाईंनी आधी वर पाहिलं, मग भुरीकडं. "मांजर तर खाली हाय. मग घान वरून कशी आली?"

मिस्त्री टोपी झटकू लागला. नागुबाईनं मात्र सगळं सांगितलं, एकही फटका न वगळता.

"शरम वाटू द्या," कोंडाबाई म्हणाल्या. "मालाचं घमेलं रोज धुवायचा ना तुमी? मग हे का न्हाई? आता हिच्यासाठी टब आना. घान रोज दोनदा काढा, वाळू बदला, साबनानं धुऊन उन्हात वाळवा. फिनेल बंद, मांजराला बाधतं ते. तरी ती भलतीकडं बसली तर जनावराच्या डॉक्टरला दाखवा. अन् ढालीचं नाव काढू नका."

नागुबाईनं काढून ठेवलेलं पोतं आणलं आणि मिस्त्रीच्या हातात दिलं. "घ्या. पुसा आता."

माझा तळ गेला तो गेलाच. मी आता उकिरड्यावर पडून आहे. मित्रांनो, मांजर पाळायची हौस असेल तर तिची घाण काढायचीही तयारी ठेवा. आणि नसेल तुमची तयारी, तर निदान आम्हा घमेल्यांच्या खाली बसू नका.

मिस्त्री रोज सकाळी भुरीची घाण कागदात गुंडाळून इथं टाकायला येतो. परवा माझ्याजवळ थांबला. खाली वाकून म्हणाला, "लई वंगाळ वागलो बाबा तुझ्याशी."

मी काही विरघळलो नाही. मार भुरीनं खाल्लाय. जा, घरी जाऊन तिच्यापुढं वाक.